लाल चिंधीचं पिंप

रोज सकाळी कामावर जाता जाता ती धाकट्या जावेच्या उंबऱ्यावर टेकायची. धाकटी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवायची. ती पेल्याच्या तोंडावर उजवा पंजा पालथा ठेवायची, तान्ह्या मुलाच्या टाळूवर ठेवावा तसा, आणि मगच बोलायला लागायची. कांद्याचे भाव, शेजारणीची हरवलेली कोंबडी, काल सुटलेला वारा. बोलणं आटोपलं की पंजा उचलायची, गुडघ्यांवर हात रेटून उठायची आणि म्हणायची, "बरं, येते गं धाकटे."

पेला तिथेच. पाणी होतं तेवढंच.

धाकटी ते पाणी दारातल्या रोपाला घालायची. आजूबाजूला गवताची काडी जगत नव्हती, पण ते रोप असं माजलं होतं की येणारे-जाणारे थांबून विचारायचे, खत कुठलं घालता हो? धाकटी म्हणायची, "जाऊबाईंचा हट्ट घालते. रोज ताजा."

खरं तर ती एकट्या धाकटीची जाऊ. पण धाकटी दिवसातून इतक्यांदा "जाऊबाई, जाऊबाई" करायची की अख्खी वस्ती तिला त्याच नावाने ओळखायला लागली. म्हातारी माणसंही म्हणायची, "जाऊबाई आल्या, आता गप्प बसा." कारण तिच्या तोंडाची वस्तीत दहशत होती. भाजीवाला तिच्यापुढे तराजू दोनदा झटकून दाखवायचा. कुणाचंही भांडण चाललेलं असो, ती वाटेने जाताना थांबायची, दोन्ही बाजू ऐकायची आणि दोघांनाही झोडून पुढे जायची.

वस्तीच्या मागे उघडे बोडके डोंगर आणि पुढे समुद्र. पाऊस तिकडे आला तर वाट चुकल्यासारखा यायचा आणि चूक लक्षात आल्यासारखा निघून जायचा. नजर पोचेल तिथवर पाणी, पण प्यायला घोट नाही, अशी तिथली गत. डोंगराच्या पायथ्याशी एक विहीर होती, तिचं पाणी मचूळ. भांडी-कपड्यांपुरतं ठीक. पुढे किनाऱ्यावर पत्र्याची लांब शेड उभी राहिली आणि समुद्राचं खारं पाणी गोडं करून नळाने घरोघर यायला लागलं. सगळे तिला प्लांट म्हणत.

जाऊबाई त्या प्लांटवर कामाला होती. समुद्रातून एक जाड नळ पाणी आत ओढायचा. आधी ते वाळूतून गाळायचं, मग हातभर लांबीच्या पांढऱ्या कांड्यांतून. दोरा घट्ट गुंडाळून केलेल्या त्या कांड्या बारीकसारीक कचरा धरून ठेवायच्या. तिथून पुढे मोठा पंप ते पाणी इतक्या जोराने बारीक पडद्यांवर रेटायचा की मीठ अलीकडे राहायचं आणि पाणी पलीकडे. गोडं पाणी टाकीत जायचं, उरलेलं दुप्पट खारं पाणी दुसऱ्या नळाने पुन्हा समुद्रात. जाऊबाईचं काम कांड्यांचं. भरलेल्या काढायच्या, नव्या बसवायच्या. जुन्या कांड्या ओल्या वाळूच्या रंगाच्या होऊन बाहेर यायच्या. ती त्यांचा दोरा उकलून धुवायची, वाळवायची, पीळ देऊन दोऱ्या करायची. अर्ध्या वस्तीचे कपडे त्या दोऱ्यांवर वाळायचे.

पंप चालवणारा पोरगेलासा माणूस तिला मावशी म्हणायचा आणि मिळेल तेव्हा डिवचायचा.

"मावशी, हलवायाच्या दुकानात बसून उपास कसला करता? साऱ्या गावाला गोडं पाजता आणि स्वतः विहिरीचं मचूळ पिता."

"तू तुझ्या पंपाकडे बघ. कालपासून दम लागल्यासारखा खोकतोय तो."

"तो खोकत नाही. तुम्ही आत आलात की घाबरतो."

प्लांटच्या पाण्याला चव नाही, ही वस्तीतली कायमची तक्रार. नळावर दोन बायका भेटल्या की एक म्हणायची, "पाणी कसलं, धुवण आहे," आणि दुसरी, "तहान जाते पण जीव भरत नाही." या एका गप्पेत जाऊबाईला तोंड घालता यायचं नाही. ती कळशी कमरेवर घेऊन विहिरीकडे निघून जायची.

ती हे पाणी का पीत नाही, याचं उत्तर वस्तीने केव्हाच ठरवून टाकलं होतं. ज्या समुद्राने नवरा पोटात घेतला, त्याचं पाणी बाई कशी पिणार? उत्तर इतकं पटण्यासारखं होतं की कुणी पुढे विचारलं नाही.

धाकटीचा त्यावर विश्वास नव्हता. तिला वाटायचं, जाऊबाई समुद्राचं पाणी नाकारत नाही, माझ्या हातचं नाकारते.

तसं वाटायला कारण होतं. प्लांट यायच्या आधी, दुष्काळ ऐन भरात असताना, वस्तीची माणसं होडीने खाडीपलीकडे जायची. तिथे डोंगरातून एक झरा यायचा. प्रत्येक घराचं एक प्लास्टिकचं पिंप, आणि प्रत्येक पिंपाच्या गळ्याला त्या घराच्या रंगाची चिंधी. कुणाची निळी, कुणाची चट्ट्यापट्ट्याची, जाऊबाईच्या घराची लाल. झऱ्यावर ज्याच्या पिंपात जेवढं पडेल तेवढंच त्याच्या दारात उतरायचं. वाटेत एकाचं पाणी दुसऱ्याच्या पिंपात ओतायचं नाही, असा कडक दंडक होता. दंडक पडला तो जाऊबाईमुळेच. एकदा तिचं पिंप हंडाभर कमी आलं होतं, आणि तिने धक्क्यावर उभं राहून असा काही तमाशा केला होता की होडीवाल्यांनी कानाला खडा लावला.

पुढे एका दिवशी सगळ्या घरांची पिंपं घेऊन दोघे भाऊच गेले होते, जाऊबाईचा नवरा आणि धाकटीचा. परतताना होडी उलटली. धाकटा भाऊ एका पिंपाला कवटाळून किनाऱ्याला लागला. थोरला लागला नाही. कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी पिंपं मात्र आली. एकामागून एक, डुलत डुलत, गळ्यातल्या चिंध्या भिजवून. झाकणं घट्ट होती, आतलं पाणी गोडंच राहिलं होतं. तहान माणसाला काय करायला लावेल सांगता येत नाही. लोक गुडघाभर पाण्यात उतरले, आपापली चिंधी ओळखून पिंपं घरी घेऊन गेले, आणि ते पाणी प्यायले. कुणी कुणाकडे बघितलं नाही. धाकटीही प्यायली. ते पाणी घशाखाली उतरताना कसं लागलं होतं, हे तिला अजून मधूनच आठवायचं, भात उपसताना, वेणी घालताना, आणि हात थांबायचा.

लाल चिंधीचं पिंप, ज्याला धरून धाकटीचा नवरा वाचला होता, ते जाऊबाईच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात उभं राहिलं. तिने ते उघडलं नाही. त्यातलं पाणी प्यायली नाही, सांडलं नाही, कुणाला दिलं नाही.

त्या पिंपाचं एक होतं. प्लांटचा मोठा पंप सकाळी सुरू झाला की किनाऱ्यालगतच्या घरांच्या जमिनीला बारीक कंप सुटायचा. फडताळातली भांडी किणकिणायची आणि लोकांना त्याची सवय झाली होती. पण जाऊबाईच्या स्वयंपाकघरात त्या कंपाने पिंपातलं पाणी डुचमळायचं. आत कुणी हळूच कूस बदलावी तसा आवाज. धाकटी कधी पीठ मागायला गेली आणि तो आवाज झाला की तिच्या अंगावर काटा यायचा. जाऊबाई पोळी उलटत राहायची, जणू घरात कुणी आहे आणि ते असणारच.

त्या आवाजाचा अर्थ धाकटीला ठाऊक होता, म्हणून तर तिला तो सोसायचा नाही. पिंप अर्धं होतं. सगळीच अर्धी होती त्या दिवशी. नवऱ्याने एकदाच, तापात असताना, तिला सगळं सांगितलं होतं. झरा आटत आला होता. झऱ्यावरच्या माणसाने प्रत्येक घराला अर्धं अर्धं पिंप भरून दिलं. अर्धं पिंप होडीला फार वाईट. पाणी आत इकडून तिकडे धावतं आणि होडीलाही धाववतं. दोन-दोन पिंपं एकात ओतली असती, अर्धी रिकामी ठेवली असती, तर होडी शहाण्यासारखी आली असती. धाकट्याने ते सुचवलंही. थोरल्याने हातात झाकण घेतलं, मग लाल चिंधीकडे बघितलं, हसला आणि म्हणाला, "वाऱ्याला तोंड देईन रे बाबा, पण तुझ्या वहिनीला कोण देणार?" दोघंही हसले. झाकण परत लावलं. होडी तशीच निघाली.

हे जाऊबाईला कळता कामा नये, एवढंच नवरा-बायकोने ठरवलं होतं. लोकांना सांगितलं, वाऱ्याने घात केला. आणि तेव्हापासून धाकटीचा नवरा सकाळी जाऊबाई यायच्या वेळेला मागच्या दाराने बाहेर पडायचा. दारं-खिडक्या दुरुस्त करायचं काम करायचा तो, त्यामुळे कुठे ना कुठे जायला असायचंच. होडीत पाय ठेवला नाही पुन्हा. जाऊबाईही कधी "भाऊजी कुठे" म्हणून विचारायची नाही. धाकटीने त्या न विचारण्याचा अर्थ स्वतःच लावला होता. हिला कळलंय. हिने आम्हाला माफ केलेलं नाही. पेल्यावर ठेवलेला हात म्हणजे तुमचं पाणी नको.

तरी ती रोज पेला ठेवायची. एक दिवस पिईल, या आशेवर.

मग जाऊबाईचे पाय सुजायला लागले. आधी ती म्हणाली, उभं राहून राहून होतं. मग तोंडही सुजलं. धाकटी तिला ओढून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी कुठलं पिता? जाऊबाई छताकडे बघत राहिली. धाकटीने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"विहिरीचं आजपासून बंद. एक घोटसुद्धा नाही. घरात नळ आहे ना?"

"आहे," जाऊबाई म्हणाली. "नळ आहे, झाडू आहे, सगळं आहे."

बाहेर पडल्यावर धाकटीने रस्ताभर काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण जाऊबाईच्या घरी पोचल्या, जाऊबाईने खुंटीवरची कळशी काढली, आणि धाकटीचा बांध फुटला.

"कुठे निघालात?"

"विहिरीवर. घरात थेंब नाही."

"आत्ता काय सांगितलं त्यांनी? कान विकून आलात का?"

"मोठी आलीस मला विचारणारी. बाजूला हो."

"नाही होत. बोलायचंय ते बोला एकदा तोंडाने! जगाला सुनावता, मलाच तेवढं मुक्याने मारता. इतकी वर्षं पेला ठेवते तुमच्यापुढे. माझ्या हातचं चालत नाही ना तुम्हाला? आमचा माणूस परत आला आणि तुमचा नाही, म्हणून ना?"

जाऊबाई कळशी धरून उभी राहिली. तेवढ्यात तिकडे दुपारच्या सुट्टीनंतर पंप पुन्हा सुरू झाला. पायाखालची जमीन शहारली, ताटल्या किणकिणल्या आणि कोपऱ्यात पिंपातलं पाणी हललं.

जाऊबाई दोन पावलं गेली आणि तिने पिंपाच्या झाकणावर उजवा पंजा पालथा ठेवला. अगदी पेल्यावर ठेवायची तसाच. आतलं पाणी त्या हाताने थांबणार नव्हतं. तरी तिने ठेवला, आणि आवाज बसेपर्यंत तशीच उभी राहिली.

धाकटीला तिथल्या तिथे कळलं. दुष्काळाने सगळ्या घरांना एक सवय लावली होती. पाणी द्यायचं ते अर्धा पेला. लागलं तर पुन्हा मागा. नळ आला तरी हातांना ते कळलं नव्हतं. इतकी वर्षं ती रोज सकाळी या बाईपुढे अर्ध्यावर भरलेला, डुचमळणारा पेला आणून ठेवत होती.

"जाऊबाई," ती म्हणाली.

"पिंप दारात आलं तेव्हाच कळलं मला," जाऊबाई म्हणाली. हात झाकणावरच होता. "उचलताना आत पळालं ना पाणी. होडीवाल्याची बायको मी, अर्ध्या पिंपाने काय होतं ते मला कुणी शिकवायचं? दोन-दोन एकात ओततात असल्या वेळी. लहान पोराला कळतं."

"वारा फार होता त्या दिवशी."

"वारा!" जाऊबाई हसली. ते हसणं बघवलं नाही धाकटीला. "अगं, काय म्हणाला असेल ते मी सांगू तुला? वाऱ्याला तोंड देईन, पण तिला कोण देणार. कपबशी फुटली तरी हेच म्हणायचा, रेशन कमी आलं तरी हेच. चारचौघांत म्हणायचा आणि मला बरं वाटायचं. नवरा घाबरतो म्हणून मिरवायचे मी. त्या दिवशी दुसरं काय म्हणणार होता?"

धाकटीने मान खाली घातली. खोटं बोलायची तिची तयारी होती, पण मान आधीच खाली गेली होती.

"म्हणाला ना?"

"म्हणाले."

जाऊबाईने डोळे मिटले. समुद्राचा आवाज उघड्या दारातून येत राहिला, आत कुणी आहे का म्हणून विचारल्यासारखा.

"तुमच्यावर राग कशाचा धरू?" अखेर जाऊबाई म्हणाली. "माझ्या पिंपात दुसऱ्याचा थेंब नको, असं धक्क्यावर ओरडले होते मी. आणि आता नळाला सगळ्यांचं एकच पाणी येतं. कुणाची चिंधी नाही, काही नाही. तेच पाणी मी कुठल्या तोंडाने प्यायचं, सांग."

"थोरल्या भाऊजींना विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं?" धाकटी म्हणाली. "जन्मभर मचूळ पी, असं ते म्हणाले असते का?"

"तो काही म्हणाला नसता. घाबरायचा ना मला."

आणि मग ती रडली. होडी उलटली तेव्हाही वस्तीने तिला रडताना बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीचा नवरा मागच्या दाराने गेला नाही. बायकोने सांगितलं तसा तो वहिनीच्या घरी गेला. सोबत नळाला लावायची लांब रबरी नळी होती. वहिनीने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाळलात की हो भाऊजी."

"तुम्ही सुजलात, मी वाळलो," तो म्हणाला. "बेरीज तीच."

पिंपाचं झाकण आवळून बसलं होतं. त्याने हत्याराने ठोकून ठोकून सैल केलं. उघडलं तेव्हा तिघंही पुढे वाकले, जणू आत काही दिसणार होतं. पाणी होतं. अर्ध्याच्याही खाली गेलेलं, स्वच्छ, काळोखं. तिघांचे चेहरे त्यात हलले आणि स्थिर झाले. धाकटीला वाटलं चेहरे चार आहेत. तिने पुन्हा मोजले नाहीत.

"हे आधी ओतून टाकू?" त्याने विचारलं.

"नको. त्याच्यातच सोडा. मिसळू दे."

त्याने नळी आत सोडली. नळाचं पाणी आधी ठोसे मारल्यासारखं पडलं, मग आवाज खोल झाला, मग वर वर येत बारीक होत गेला. काठाशी आल्यावर तो नळ बंद करायला उठला, तर जाऊबाई म्हणाली, "थांबा." पाणी काठावरून ओसंडलं, लाल चिंधी भिजवून फरशीवर आलं. तेव्हा तिने मान हलवली. त्याने झाकण दाबून बसवलं. पंप चालूच होता. ताटल्या किणकिणत होत्या. पिंप गप्प होतं.

ती कामावर निघाली तेव्हा नेहमीप्रमाणे धाकटीच्या उंबऱ्यावर टेकली. धाकटीने पेला काठोकाठ भरून आणला. भरलेलं पाणी पळत नाही. जाऊबाईने पेल्याकडे बघितलं. उजवा हात उचलला, मध्येच थांबवला आणि पेला उचलला. दोन घोट घेतले. भाजीच्या भावाबद्दल काही बोलली. मग उरलेलं प्यायली.

दारातलं रोप त्यानंतर आठवडाभरात मान टाकायला लागलं. धाकटीला त्याच्यासाठी वेगळं पाणी काढावं लागलं.

पण सूज दिसायलाच उशीर झाला होता. मूत्रपिंडं थकली होती, इतकंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जाऊबाई अंथरुणाला लागली ती धाकटीच्याच घरी. पंपवाला येऊन गेला. कांड्या बदलणाऱ्या नव्या बाईला काही जमत नाही, असं त्याने सांगितलं. "जमेल," जाऊबाई म्हणाली, "तू तिला जरा घाबर म्हणजे जमेल." डॉक्टरीणबाईंनी पाणी आता मोजून द्यायला सांगितलं होतं. धाकटीने घरातला सगळ्यात लहान पेला शोधून काढला आणि तो काठोकाठ भरून द्यायला लागली.

शेवटच्या दिवशी सकाळी धाकटीचा नवरा उशाशी बसून होता. धाकटीने तिला मानेखाली हात घालून उठवलं आणि पेला ओठाला लावला. जाऊबाईने सावकाश सगळा संपवला. मग तोंड वाकडं केलं, अगदी नळावरच्या बायकांसारखं.

"मेल्या पाण्याला चव म्हणून नाही," ती म्हणाली. "ओत गं अजून थोडं."